मोठं इंजिन बसवून द्यावं का?



आमच्या शाळेतून चौथी करून पुढे गेलेला एक मुलगा आता आठवीत आहे. त्याच्या वडिलांनी परवा व्हॉट्सअॅपवर विचारलं, "सर, मामाने अमेरिकेहून आणलेला रिमोटचा ट्रक आहे, नायट्रोवाला. पोरगं म्हणतंय त्यात मोठं इंजिन बसवायचं. पैशाचं बघतो मी, पण बसवून द्यावं का?"

माझं मत 'आत्ता नको' असं आहे. पण नुसतं 'नको' म्हणून विषय बंद केला, तर गणित आणि विज्ञानाचे निदान पाच-सहा पाठ आपण त्या मुलाच्या हातातून काढून घेऊ. आणि काही न विचारता इंजिन आणून दिलं, तरीही तेच होईल. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. रिमोटवर चालणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत बॅटरी आणि मोटर असते. नायट्रो ट्रकमध्ये मात्र खरंखुरं टू-स्ट्रोक इंजिन असतं. पिस्टन, सिलिंडर, कार्बोरेटर, क्लच, गिअर, सायलेन्सर, सगळं असतं, फक्त मुठीत मावेल एवढं. आवाजही तसाच कानठळ्या बसवणारा. टेक्सासमधल्या ट्रॅक्सस कंपनीने १९९९ मध्ये 'टी-मॅक्स' नावाचा असा ट्रक काढला. चारही चाकांना ताकद, पुढचे दोन गिअर आणि वर रिव्हर्स. तो तिकडे फार गाजला. त्यात .१५ मापाचं इंजिन होतं आणि लोकांनी त्यात .२१ मापाचं बसवायला सुरुवात केली. म्हणजे आपल्या या मुलाला पडलेला प्रश्न पंचवीस वर्षं जुना आहे.

हे .१५ म्हणजे काय? घन इंच. पिस्टन खालून वर जाताना जेवढी जागा व्यापतो तेवढं घनफळ. १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, तर १ घन इंच किती घन सेंटिमीटर? इथे निम्मी मुलं २.५४ असंच उत्तर देतात. २.५४ चा घन करायचा, तो येतो साधारण १६.३९. मग .१५ चं झालं २.४६ घन सेंटिमीटर, म्हणजेच सीसी. .२१ चं झालं ३.४४ सीसी. वडिलांच्या मोटरसायकलवर लिहिलेला १०० सीसी किंवा १२५ सीसीचा आकडा मुलं रोज बघतात, पण 'सीसी' म्हणजे घनफळ हे सातवी-आठवीतल्या किती मुलांना माहीत असतं, एकदा विचारून बघा.

आता २.४६ सीसी म्हणजे अर्धा चमचा पाणी. एवढ्याशा जागेतून ताकद येते कुठून? फेऱ्यांमधून. शंभर सीसीची मोटरसायकल जोरात पळवली की इंजिन मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेतं आणि ते फोर-स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत एकदा इंधन जळतं. हे पिटुकलं इंजिन मिनिटाला ३०,००० च्या आसपास फिरतं आणि टू-स्ट्रोक असल्यामुळे दर फेऱ्याला जळतं. सेकंदाला ५०० वेळा! २.४६ गुणिले ३०,००० करा. मिनिटाला जवळपास ७४ लिटर हवा-इंधनाचं मिश्रण हिशोबाने त्यातून जायला हवं, म्हणजे आंघोळीच्या चार-पाच बादल्या. प्रत्यक्षात नेमकं तेवढं जात नाही, पण मुलांना अंदाज येतो.

आता मूळ मुद्दा. .१५ वरून .२१ म्हणजे ४० टक्के मोठं. मग ट्रक ४० टक्के जोरात पळेल का? मुलं एका सुरात 'हो' म्हणतात. बहुतेक मोठी माणसंही म्हणतात.

वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो विरोध सतत मोडून काढायला लागणारी ताकद घनाने वाढते. दुप्पट वेगाला आठपट ताकद. उलट बाजूने, ताकद १.४ पट झाली तर वेग १.४ च्या घनमुळाइतका वाढेल, म्हणजे १.१२ पट. आधी ५० किलोमीटरच्या वेगाने पळणारा ट्रक ५६ ने पळेल. तेही गिअर त्या हिशोबाने बदलले तर. (पिकअप मात्र चांगला वाढतो, पुढची चाकं उचलली जातात, आणि खरं सांगायचं तर पोरांना हवं असतं ते तेच.)

आता याची दुसरी बाजू. ट्रक भिंतीवर आदळला तर किती जोरात आदळेल? गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर असते, १.१२ चा वर्ग १.२५. वेग १२ टक्क्यांनी वाढला, धडक २५ टक्क्यांनी. ५० च्या वेगाने आदळणं म्हणजे तीच वस्तू साधारण १० मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडणं. ५६ च्या वेगाला ही उंची १२ मीटरच्या वर जाते, चार मजली इमारत. चार-पाच किलोचा ट्रक एखाद्या लहान मुलाच्या नडगीवर असा येणं कसं असेल, याची कल्पना प्रत्येकाने करावी. म्हणून त्या वडिलांना माझा पहिला प्रश्न इंजिनबद्दल नव्हताच. मी विचारलं, "ट्रकमध्ये फेलसेफ आहे का?" रिमोटचा सिग्नल तुटला की थ्रॉटल बंद करून ब्रेक लावणारी ही सोय आहे. ती नसेल तर सिग्नल जाताना थ्रॉटल ज्या जागी असेल तिथेच अडकून राहू शकतो आणि भरधाव ट्रक कोणाच्याच हातात राहत नाही. ट्रकमधली छोटी बॅटरी उतरली तरी तेच होऊ शकतं, म्हणून थ्रॉटल मागे ओढणारी स्प्रिंगही लागते. मोठ्या इंजिनच्या किमतीच्या मानाने हे सगळं किरकोळ आहे. त्यांना उत्तर माहीत नव्हतं. मुलालाही नव्हतं. म्हणून 'आत्ता नको'.

दुसरा प्रश्न होता, "आत्ताचं इंजिन ढिलं पडलंय म्हणून मोठं हवंय की चांगलं चालतंय तरी हवंय?" उत्तर आलं, "पूर्वीसारखं ओढत नाही म्हणतो." या वाक्याचे अर्थ चार-पाच निघू शकतात आणि त्यातल्या बहुतेकांवर मोठं इंजिन हा उपाय नाही.

या इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. ग्लो प्लग असतो, त्यात प्लॅटिनमची बारीक तार. सुरू करताना दीड व्होल्टच्या बॅटरीने ती तार लाल करतात, मग बॅटरी काढून घेतात, तरी इंजिन चालूच राहतं. दाबल्या गेलेल्या मिश्रणाची उष्णता आणि प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची होणारी क्रिया, या दोन्हींमुळे तार तापलेलीच राहते. उत्प्रेरक म्हणजे काय ते पाठ करून घेण्यापेक्षा ही तार दाखवणं मला जास्त पटतं. तर हा प्लग जुना झाला तरी इंजिन ढिलं पडतं, आणि बदलायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

इंजिन गळपटण्याचं आणखी एक कारण आतल्या नळीत असतं. पिस्टन ज्या पितळी नळीत फिरतो ती वरच्या टोकाला किंचित निमुळती केलेली असते. इंजिन थंड असताना पिस्टन वर जाऊन जरा अडकतो. इंजिन तापलं की नळी प्रसरण पावते आणि दोघांमध्ये नेमकं हवं तेवढं अंतर राहतं. पदार्थ तापल्यावर प्रसरण पावतात, हे एक वाक्य इथे इंजिनचं आयुष्य ठरवतं. नवीन इंजिन पहिल्या काही टाक्या हळू आणि जास्त इंधनावर चालवावं लागतं ते यासाठीच. पहिल्याच दिवशी पूर्ण थ्रॉटल दिला, किंवा हवेबरोबर धूळ आत गेली, की तो घट्टपणा जातो आणि दाब टिकत नाही. आपल्याकडे मार्च ते मे मैदानावर जो फुफाटा उडतो तो या इंजिनचा खरा शत्रू आहे. फिल्टरचा स्पंज तेलात भिजवलेला नसेल तर ते चार-पाच बादल्यांचं मिश्रण धूळ घेऊनच आत जाणार. मोठं इंजिन तर आणखी जास्त ओढणार. म्हणजे ज्या कारणाने छोटं मेलं त्याच कारणाने मोठं त्याच्याही आधी मरेल.

आणि तिसरं, कार्बोरेटरची सुई. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचं तेल इंधनातच मिसळलेलं असतं. घरात चेतक किंवा लुना होती त्या पालकांना पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल मागितलेलं आठवत असेल. सुई जास्त घट्ट केली की इंधन कमी जातं. इंजिन चेकाळतं, आवाज टिपेला जातो, पोरं खूश होतात. पण इंधन कमी म्हणजे तेलही कमी. इंजिन तापतं आणि बसतं. सुई सैल असली तर उलट, धूर खूप आणि इंजिन घुटमळत चालतं. मागे धुराची एक बारीक रेघ कायम दिसली पाहिजे. डोक्यावरच्या पंख्यांजवळ पाण्याचा एक थेंब टाकायचा. तीन-चार सेकंदांत उकळून उडाला तर ठीक, पडल्या पडल्या चर्रकन उडाला तर इंजिन फार तापलंय, नुसताच बसून राहिला तर अजून थंड आहे. शंभर अंशांना पाणी उकळतं, याचा एवढा कामाचा उपयोग मला तरी दुसरा माहीत नाही. शिवाय सकाळच्या थंड हवेत लावलेली सुई दुपारी बारा वाजता चालत नाही, कारण गरम हवा विरळ असते. आठवीतला मुलगा दोन रविवार सुई, धूर आणि थेंब यांची वहीत नोंद ठेवेल तर निरीक्षण, नोंद, निष्कर्ष हे शब्द त्याला पुन्हा शिकवावे लागणार नाहीत.

समजा हे सगळं ठीक आहे, तरीही मोठं इंजिन हवंच आहे. मग नुसतं इंजिन बदलून भागत नाही. .२१ चं इंजिन आकारानेही मोठं. जुन्या स्क्रूंच्या भोकांवर बसत नाही, माउंट वेगळा लागतो, फ्लायव्हीलसाठी कधीकधी चॅसिस कापावी लागते. सायलेन्सरची नळी वेगळी. मग गिअर. समजा क्लचच्या चाकाला २० दात आणि मोठ्या चाकाला ६०, तर इंजिनाचे तीन फेरे म्हणजे मोठ्या चाकाचा एक. मोठं इंजिन जास्त जोर लावतं, तेव्हा २० च्या जागी २४ दातांचं चाक चालेल, म्हणजे गुणोत्तर अडीच. ते बदललं नाही तर जोर वाढतो, वेग नाही. गुणोत्तर-प्रमाणाची उदाहरणं घालताना मजूर आणि दिवस सोडून एकदा हे घालून बघा.

पुढे तो जोर कुठेतरी जाणारच. आधी ज्या प्लास्टिकच्या शाफ्टला, डिफरन्शियलच्या दातांना काही होत नव्हतं ते तुटायला लागतात. शाफ्ट लोखंडी घेतला की डिफरन्शियल जातं. ते बदललं की चाकाचा हब. वजन वाढतं म्हणून स्प्रिंगा बदला, इंधन जास्त पितं म्हणून टाकी बदला. ट्रॅक्ससने स्वतः पुढे या ट्रकला ३.३ सीसीचं इंजिन दिलं तेव्हा चॅसिस लांब केली, शाफ्ट जाड केले. ज्यांनी गाडी बनवली त्यांनाही नुसतं इंजिन बदलून जमलं नाही. आणि आपल्याकडे या सुट्या भागांसाठी कोपऱ्यावर दुकान नाही. मागवायचे, वाट बघायची, तोपर्यंत ट्रक कपाटावर. मुलाचा रस या वाट बघण्यातच मरतो.

आता ज्या गोष्टीची मला खरोखर काळजी वाटते ती. इंधन.

नायट्रो इंधनात सर्वांत मोठा वाटा मिथेनॉलचा असतो. ट्रकसाठीच्या इंधनात साधारण २० टक्के नायट्रोमिथेन आणि उरलेलं तेल. नायट्रोमिथेन का? तर त्याच्या रेणूतच ऑक्सिजन आहे. १ किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला साडेसहाच्या आत, नायट्रोमिथेनला फक्त १.७. त्यामुळे तेवढ्याच सिलिंडरमध्ये जास्त इंधन जळतं. इथवर रसायनशास्त्र छान आहे. पण विमानातून हे इंधन आणता येत नाही. ते इथल्या हॉबीच्या दुकानातूनच घ्यावं लागतं, महाग असतं, नेहमी मिळतही नाही. मोठं इंजिन ते आणखी पिणार. मग कोणीतरी सुचवतं, "मिथेनॉल आणून घरीच मिसळू." त्या वडिलांनाही कोणीतरी सुचवलं होतं.

हे अजिबात करू नका. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारू पिऊन शंभरावर माणसं गेली. त्या दारूत होतं ते मिथेनॉलच. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्याच्या मज्जातंतूवर घाला घालतं. दहा मिलिलिटर पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. त्वचेतून आणि वाफेतूनही ते आत जातं. लक्षणं लगेच दिसत नाहीत, अर्धा-एक दिवस माणूस बरा वाटतो, म्हणून 'काही झालं नाही' असं समजून घरी थांबायचं नसतं, तडक दवाखाना गाठायचा. त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. आपल्याकडे त्याच्या विक्रीवर आणि साठवणीवर परवान्याचं बंधन आहे, ते उगाच नाही. तेव्हा इंधन तयार, सीलबंद घ्यायचं, मूळ डब्यातच ठेवायचं, कुलपात ठेवायचं. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत चुकूनही ओतायचं नाही. टाकीत भरायचं काम मोठ्या माणसाने करायचं, मोकळ्या हवेत, इंजिन बंद असताना, शेजारी वाळूची बादली ठेवून. झाकण घट्ट. कोकणात तर पावसाळ्यात विशेष, कारण मिथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि मग इंजिन कुरकुरतं.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग बॅटरीचाच ट्रक का नको? दहा-अकरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी माझं उत्तर तेच आहे, बॅटरीचाच घ्या. आजचे बॅटरीचे ट्रक वेगात नायट्रोला मागेही टाकतात. पण ज्याच्या घरात हा ट्रक आलाच आहे, जो तेरा-चौदा वर्षांचा आहे, ज्याला आवाजावरून इंजिन ओळखावंसं वाटतंय, त्याच्याकडून तो काढून घेऊन क्लासची आणखी एक बॅच लावणं मला पटत नाही. अशा मुलाला आपल्या शाळेत जागा फार कमी असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांबरोबर काम शिकण्याचं म्हटलं आहे. प्रत्यक्षात ते दिवस बहुतेक ठिकाणी रांगोळी आणि कागदकामात जातात. मला रांगोळीचं वावडं नाही, पण गावातल्या मेकॅनिकला एक दिवस शाळेत बोलवायला आपण का लाजतो हे कळत नाही.

ज्या शिक्षकांच्या गावात असला ट्रक कधीच येणार नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. पाठीवरचा पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप बघा. गवत कापायचं यंत्र बघा. त्यातल्या बऱ्याच जणांत टू-स्ट्रोक इंजिनच असतं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, कार्बोरेटरची सुईही असते. औषधाचा अंश नसलेला, स्वच्छ धुतलेला, बंद पडलेला एखादा पंप शेतकरी पालकाकडून मागून आणला तर वर्गात उघडून दाखवता येतो.

त्या वडिलांना मी शेवटी एवढंच कळवलं. फेलसेफ आधी. नवा ग्लो प्लग आणि तेलात भिजवलेला फिल्टर. दोन महिने वहीत नोंदी, एका वेळी एकच बदल. तरीही दाब टिकत नसेल तर पिस्टन आणि नळीचा जोड तेवढा बदला. आणि वही भरली, इंजिन खरोखर झिजलं, तर पुढच्या सुट्टीत ३.३ सीसीचं बघा, .२१ चं नको. ते २.५ च्या जागी सहज बसतं, चॅसिस कापावी लागत नाही. पैसे अर्धे मुलाने साठवायचे. जुनं इंजिन भंगारात देऊ नका, आतलं इंधन नीट पुसून माझ्याकडे पाठवा. थंड असताना तो पिस्टन वर सरकवताना कुठे अडकतो, ते चौथीच्या मुलांना हातात देऊन बघायचं आहे.